शेवटचं कडवं राहील

माझं तोंड फटकळ आहे. भिवंडी कोर्टात शिपायापासून बेंच क्लार्कपर्यंत सगळे हे जाणून आहेत, आणि खोटं कशाला बोलू, माझ्याकडे पक्षकार येतात तेही त्याच्याच जोरावर. "बाई भांडते, पण बरोबर भांडते," असं म्हणत लोक एकमेकांना माझ्याकडे पाठवतात. जमिनीची वाटणी, गोडाऊनचं भाडं, न वटलेले चेक, नवरा-बायको, सगळीकडे मी आवाज चढवते. फक्त एकदा मी एका टेबलावर बसून गोड बोलले. ते बोलणं अजून माझ्या घशात अडकून बसलंय.

ते प्रकरण माझ्या मामाचं. मामा म्हणजे आईचा चुलतभाऊ, दिघाशीचा. त्यानं सगळी हयात भिवंडीत लूमवर काढली. ड्युटी सुटली की आंघोळ, आंघोळ झाली की पेटी. आमच्या समाजात गायन पार्ट्या असतात. पेटी, ढोलकी, गाणारा आणि मागे कोरस धरणारे. जयंती असो की लग्न, पार्टी लागतेच. मामा गायचा आणि गाणी लिहायचाही. लिहायचा म्हणजे कागदावर नाही, डोक्यात. "लूमच्या खडखडाटात चाल लई बेस बसते," म्हणायचा. "कोनाला आयकू जात न्हाय, म्हंजे लाज वाटत न्हाय."

त्याचं एक गाणं खूप चाललं. ते त्याच्या आईवर होतं, ती वीटभट्टीवर विटा वाहायची. भट्टीची धग तिची आणि शाळेची सावली माझी, असा काहीसा त्याचा मुखडा. एका पार्टीनं उचललं, मग दुसरीनं, मग वाडा-शहापूरकडच्या पार्ट्यांनी. मामाला कुणी विचारलं नाही आणि मामालाही कुणी विचारावं असं वाटलं नाही. गाणं चाललं यातच तो खूश.

कारण आमच्या गाण्यांची एक रीत आहे. शेवटच्या कडव्यात कवी स्वतःचं नाव घालतो, गावाचंही घालतो. गाणारा चाल बदलेल, मध्ये स्वतःचं काहीबाही घुसडेल, वेळ कमी असला तर मधलं एखादं कडवं गाळेल, पण शेवटचं कडवं सोडायचं नाही. सोडलं तर ती चोरी. लहानपणी मी एका लग्नात पाहिलंय, पाहुण्या पार्टीनं कवीचं कडवं गिळलं तर पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी ढोलकीवर हात ठेवला आणि म्हणाले, "ज्याचं त्याला दे, मंग जेवायला बस." गाणाऱ्यानं मुकाट्यानं कडवं म्हटलं. आमच्याकडे ना रजिस्ट्रेशन, ना स्टॅम्प पेपर. ते कडवं हाच आमचा करार, आणि मामा आयुष्यभर त्याच्याच भरवशावर राहिला.

मग एक दिवस माझ्या भाचीनं मामाला मोबाईलवर गाणं लावून दाखवलं. राहनाळच्या एका म्युझिक कंपनीच्या चॅनेलवर ते आलं होतं. मागे मोठी मोठी वाद्यं, बायका एकसारख्या साड्या नेसून नाचतायत, वीटभट्टीसुद्धा खरी. गाणारा आमच्यातलाच, मामाच्याच पार्टीत कोरस धरून शिकलेला. मामाचे डोळे भरून आले. शेवटी संगीत थांबलं, पडद्यावर दुसरीच जाहिरात सुरू झाली, तरी मामा मोबाईल धरून बसलेला.

"बंद पडला का गो?" त्यानं त्या पोरीला विचारलं. "अजून एक कडवं हाय."

बंद पडला नव्हता. गाणं तिथंच संपवलं होतं, आणि खाली लिहिलं होतं, गीत: पारंपरिक. पारंपरिक! माझं डोकंच फिरलं. माणूस जिवंत आहे, रोज संध्याकाळी विहाराच्या पायरीवर बसून पेपर वाचतो, आणि मेल्यांनी त्याला पारंपरिक करून टाकला!

मामा माझ्या ऑफिसात आला तेव्हा मी आधीच पेटलेली होते. मी नुकसानभरपाई, मनाई हुकूम, काय काय बोलत सुटले. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाय, मना पैसं नको. त्यांनी दिलं तर घेईन, न्हाय म्हननार न्हाय. पन माजं शेवटचं कडवं तेवढं लावाय सांग. आयचं गानं हाय ते. तिच्या पोरानं रचलं हे लोकांना कलाय पायजे."

एवढंच त्याचं मागणं. मला ते तेव्हाच पक्कं कळलं होतं. मागाहून मी काहीही म्हणाले असेन, पण कळलं नव्हतं असं मला म्हणता येणार नाही.

मी नोटीस पाठवली. कंपनीचं उत्तर आलं की गाणाऱ्यानं हे गाणं परंपरेनं चालत आलेलं असल्याचं लिहून दिलंय आणि सगळे हक्क त्याच्याकडून घेतलेत. गाणाऱ्यानं फोन बंद करून ठेवला. आता गाणं मामाचं हे दाखवायचं कसं? कागद नाही, तारीख नाही. पुरावा म्हणजे तेच शेवटचं कडवं, आणि चोरानं भांड्यावरचं नाव घासून टाकावं तसं त्यांनी नेमकं तेच काढलेलं. मी जुन्या पार्टीवाल्यांची प्रतिज्ञापत्रं जमवली, कुणाच्या लग्नाची कॅसेट मिळवली. त्या कॅसेटमध्ये मामाच्या तरण्या आवाजात त्याचं नाव स्वच्छ ऐकू येत होतं. ती कंपनीच्या वकिलाला ऐकवली आणि मग त्यांच्याकडून बोलावणं आलं की मॅडम, बसून मिटवू.

इथं मला थोडं माझ्याबद्दल सांगायला हवं. आमच्या कोर्टात कॉपीराईटचं काम कोण करतं? कुणी नाही. अशी कामं ठाण्याला जातात, मुंबईला जातात. मी हे मिटवलं तर बार रूममध्ये माझं नाव होणार होतं. मला ते हवं होतं. भाड्याच्या आणि चेकच्या कामांचा मला वीट आला होता, आणि हे प्रकरण हातातून सुटून ठाण्याच्या कुणा मोठ्या वकिलाकडे जाईल याची धास्तीही होती.

कंपनीचं ऑफिस राहनाळला गोडाऊनच्या वरच्या मजल्यावर. खाली कंटेनर लागलेले, हमालांची आरडाओरड, आणि वर काचेचं दार उघडलं की थंडगार एसी. कंपनीच्या शेठचा मूळ धंदा गोडाऊनचा, गाण्यांची कंपनी म्हणजे हौस आणि आता चांगली चालणारी. माणूस वाईट नव्हता, हे मला सांगायलाच हवं. त्यानं मामाला वाकून नमस्कार केला, चहा मागवला. "काका, मुझे सच में मालूम नहीं था ओ. पोरगा बोलला पारंपरिक, मी ठेवलं पारंपरिक." जुन्या व्हिडिओत आजच नाव टाकतो म्हणाला, नव्या व्हिडिओत तर पडद्यावर मोठं टाकतो म्हणाला. एकरकमी पैसे द्यायलाही तयार झाला. त्या बदल्यात गाण्याचे सगळे हक्क कायमचे कंपनीला, आणि गाण्यात बदल आणि काटछाट करायची मुभा.

मसुदा मी वाचला. ते कलम मी दोनदा वाचलं.

मामा शेजारी नवा शर्ट घालून बसलेला. मधेच त्यानं शेठला विचारलं, "आनि शेवटचं कडवं?"

"ठेवू ना काका," शेठ म्हणाला. "का नाही ठेवणार? आमचं काय जातंय?"

मी म्हणाले, "मग तेवढं लिहून घेऊ. एक ओळ वाढवायची आहे."

शेठनं मान हलवली. "मॅडम, एक ओळ म्हणजे ड्राफ्ट परत ठाण्याला वकिलाकडे. तो त्यात अजून चार गोष्टी काढणार. जयंती तोंडावर आलीय, नवा व्हिडिओ शूट करायचाय. शब्द आहे ना माझा. शब्दापेक्षा मोठं काय असतं?"

एखादा परका पक्षकार असता तर मी तिथंच फाईल मिटून उठले असते. शब्दावर विश्वास ठेवायचा तर वकील कशाला, असं मी लोकांना दिवसातून दहा वेळा ऐकवते. पण समोर तयार मसुदा होता, आणलेला नोटरी बाहेर खोळंबला होता, आणि माझ्या डोक्यात बार रूममधली तोंडं फिरत होती. वर मामाचा थोडा रागही आला होता. सकाळपासून तो ज्याला त्याला, अगदी चहा आणणाऱ्यालाही, ते कडवं म्हणून दाखवत होता. मला मेलं लाजल्यासारखं झालं होतं. स्वतःच्याच माणसाची लाज वाटली, हे लिहिताना आता मला स्वतःची वाटते.

मामानं शेठकडे पाहिलंच नाही. तो माझ्याकडे वळला. "बाय, राहील ना गो कडवं?"

"राहील मामा," मी म्हणाले, अगदी मऊ आवाजात. "कर सही."

त्यानं पानापानावर सही केली. काय लिहिलंय ते विचारलं नाही. कागदाखाली शेवटी एक ओळ होती की यापुढे या गाण्याबाबत कसलीही तक्रार राहणार नाही. तीही मीच घालू दिली होती.

बार रूममध्ये पेढे वाटले. दोन ज्युनिअर पोरी येऊन म्हणाल्या, मॅडम, आम्हालाही शिकवा. मी शिकवलंसुद्धा, खुर्चीत रेलून. कलमं सांगितली, बौद्धिक संपदा म्हणजे काय ते सांगितलं. कडव्याचं सांगितलं नाही.

जयंतीच्या आधी नवा व्हिडिओ आला. सुरुवातीलाच पडद्यावर मामाचं नाव, गावाचं नाव, सोनेरी अक्षरांत. शेवटचं कडवं नाही. मी शेठला फोन लावला आणि असा आवाज चढवला की बाहेर बसलेले पक्षकार उठून उभे राहिले. शेठ शांतपणे ऐकत होता. म्हणाला, "मॅडम, एडिटरनं केलं. लोक आजकाल तेवढं ऐकत नाहीत, अर्ध्यातच पुढे ढकलतात. पूर्ण गाणं टाकू कधीतरी. और वैसे, अ‍ॅग्रीमेंट में तो है ना आपके?"

आपके. जे कलम दोनदा वाचूनही मी मामाला सही करायला सांगितली, तेच कलम मला वाचून दाखवलं जात होतं. मला कुणी तोंडात मारल्यासारखं झालं. मी फोन ठेवला.

मला वाटलं आता मामा येईल, चार शिव्या देईल, आणि त्या मी घेईन. मामा आला नाही. मग गणेशपुरीला एका लग्नात त्याच्या पार्टीनं ते गाणं गायलं, कुणीतरी व्हिडिओ काढून टाकला, आणि तो कंपनीच्या तक्रारीवरून काढला गेला. हक्क आता कंपनीचा ना! ज्याचा व्हिडिओ होता त्यानं मामाला फोन करून सांगितलं की तुमच्या गाण्यावर केस झालीय. मामा घाबरून आईकडे आला. "पोलीस येतील का?" असं तो तिला विचारत होता. आईनं मला बोलावून घेतलं.

मी दिघाशीला गेले. वाटेत सगळं मनाशी घोकत होते, मामा, माझं चुकलं, मी लिहून घ्यायला हवं होतं. गेले तर मामानं पाट मांडलेला, मामीनं भाकऱ्या थापायला घेतलेल्या. शेजारच्या घरातला एक पाहुणा बसला होता, त्याला मामा सांगत होता, "ही माजी भाची. एवढ्या मोठ्या कंपनीशी भांडली. पडद्यावर नाव आनलं माजं. कोन करतं एवढं?" मी ताटातली भाकरी नुसती मोडत बसले.

पाहुणा गेल्यावर मी एवढंच म्हणू शकले की मामा, पोलीस वगैरे काही येत नाहीत, आणि आपण अजून लढू शकतो. ते खरंही होतं. गाणं विकलं तरी ते तोडलं-मोडलं तर बोलायचा कवीचा हक्क कायद्यात उरतो. तक्रार राहणार नाही असं लिहून दिल्यानं प्रकरण अवघड झालं होतं, पण अगदीच मेलं नव्हतं. मी म्हणाले, मी फुकट लढते, ठाण्याला जाते, हायकोर्टात जाते.

मामा हात धुऊन आला, टॉवेलला पुसले. "न्हाय बाय. सही केली हाय मी. सही केल्यावर परत भांडायचं म्हंजे आपला शब्द कसला?"

 तेव्हा तरी बोलायला हवं होतं, की मामा, तू त्यांच्या शब्दावर सही केली नाहीस, माझ्या शब्दावर केलीस, आणि माझा शब्द पोकळ होता हे मला त्याच वेळी ठाऊक होतं. बोलले नाही. भाकरी संपवली आणि गाडीत बसले.

आईला मात्र मी सगळं सांगितलं. ती कांदे चिरत होती, थांबली नाही. "तू सांगितलंस ना त्याला राहील म्हनून? त्यानं कागद न्हाय वाचला, तुजं तोंड बघितलं. तुला एवढा राग येतो, सगळ्यांवर येतो. त्या दिवशी कुठं गेलता गो तो?"  आईनं चिरलेले कांदे उचलले आणि आत गेली. पुढे कितीतरी दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती.

त्यानंतर मी नवं कॉपीराईटचं काम घेतलं नाही असं म्हटलं तर छान दिसेल, पण घेतलं. नाव झालंच होतं. येणारा प्रत्येक जण म्हणायचा, तुम्ही त्या गाण्याचं मिटवलंत ना मॅडम, आणि मी हो म्हणायचे. आता मी प्रत्येक ओळ लिहून घेते, समोरचा चिडला तरी. पक्षकार म्हणतात, बाई लई कडक आहे. त्यानं मामाचं काय भलं होणार, कपाळ?

परवा दिघाशीत माझ्या मावसभावाची घरभरणी होती. दुपारची वेळ. वंदना झाली, जेवणं उरकली, नव्या फरशीवर सतरंजी टाकून माणसं सैलावली. कुणीतरी पेटी आणून मामापुढे ठेवली. आता तो फारसा गात नाही, दम पुरत नाही म्हणतो. पण बायकांनी धरलंच, आईवरचं म्हणा, वीटभट्टीचं म्हणा. पोरंटोरंही म्हणाली, आजोबा, ते मोबाईलवरचं म्हणा.

मामानं पेटीचा भाता उघडला, एक सूर धरला आणि थांबला. एवढ्या माणसांतून त्यानं मला शोधलं. टोमणा नव्हता, रुसवा नव्हता. दवाखान्यात डॉक्टरांना विचारतात ना, हे खाल्लं तर चालेल का, तसं त्यानं विचारलं.

"बाय, म्हनू का? चालंल ना?"

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मला वाटलं धरणीनं मला पोटात घ्यावं. मी म्हणाले, "अरे मामा, घरातल्या कार्यात कोण अडवतंय! कायद्यातच मुभा आहे. म्हण, सगळं म्हण."

तो गायला. आवाज थोडा फाटला होता, पण चाल तीच. बायका मागे धरत होत्या, आई तोंडाला पदर लावून बसलेली. मी एकेक कडवं मोजत होते, आता येईल, आता येईल. भट्टी झाली, शाळा झाली, आईचे भाजलेले हात झाले. मग मामानं मुखडा एकदा फिरून म्हटला, पेटीचा भाता मिटला आणि खटका लावला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना गाणं तेवढंच माहीत होतं.

मी उठून त्याच्यापाशी गेले, खाली बसले. "मामा, शेवटचं राहिलं की."

तो माझ्या पाठीवर हात ठेवून हसला. मी विसरले आणि त्याला आठवण करून द्यावी लागतेय, तसं.

"ते आपन दिलं ना गो त्यांना," तो म्हणाला.

आपण, म्हणाला. मी तेही दुरुस्त केलं नाही.